अहो, हँडल पुढे फिरवा!

मित्रांनो, मी एक जुने आणि पुरते वैतागलेले यंत्र आहे. जुन्या वह्यांचे बारीक फोटो काढलेली फिल्म माझ्यात अडकवायची, दिवा लावायचा, हँडल फिरवायचे आणि माझ्या टोपड्यात डोके खुपसून पांढऱ्या पडद्यावरची अक्षरे वाचायची, एवढेच माझे काम. अमेरिकेतल्या बिडफर्ड गावी एका चर्चच्या तळघरात मी बसलेले असते. इथल्या कापड गिरण्यांत कामाला आलेल्या फ्रेंच भाषिक लोकांची मुले-नातवंडे माझ्याकडे येत आणि वर कॅनडात राहून गेलेले आपले पूर्वज शोधत.

मी इथे आले तेव्हा माझा पत्रा चकचकीत होता. पाद्रीबाबांनी कौतुकाने माझ्यावर पवित्र पाणी शिंपडले. ते थेट माझ्या वायरींत गेले आणि पहिला आठवडा मी बंद पडले. माझ्या वैतागाची सुरुवात तिथूनच झाली.

माणसांनी मला किती छळले म्हणून सांगू! येणाऱ्या प्रत्येकाला वाटे की आपला पूर्वज फ्रान्सचा कुणी सरदार असणार. मग फिल्ममधून शेतकरी निघे, त्याचा बाप शेतकरी, त्याचा आजाही शेतकरी, आणि माणूस माझ्याकडे असा बघे की जणू मीच त्याचा सरदार लपवून ठेवला आहे. त्यातून या लोकांची नावे! प्रत्येक मुलगा आधी जोसेफ आणि प्रत्येक मुलगी आधी मारी. खरे नाव त्याच्या मागे. ते लिहिणाऱ्या पाद्र्याची बोटे थंडीने आखडलेली असली की अक्षरे मुंग्यांसारखी चालत जात. लोक ती वाचता वाचता माझ्या काचेवर लोणी लावलेली बोटे टेकवत आणि वर म्हणत, "हे यंत्रच धूसर आहे."

पण मला सर्वांत जास्त छळले ते फ्लोरिडाने, आणि तिच्यावरच माझा सर्वांत जास्त जीव होता.

फ्लोरिडा फानफ म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांची ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. सगळी हयात गिरणीत गेल्यामुळे ती तळघरातही ओरडूनच बोले. तिची आई एक्झिल्दा ही माहेरची कूर्तमांश. लहानपणी ती भावांबरोबर आगगाडीने इकडे आली आणि गिरणीत लागली. भावांचे कपडे, त्यांची आजारपणे, शेवटी म्हाताऱ्या आईचे सगळे, एक्झिल्दानेच केले. आता जुलै महिन्यात सगळ्या कूर्तमांशांचा मेळावा भरणार होता आणि फ्लोरिडाचा मामेभाऊ ओव्हिला एका मोठ्या कापडावर घराण्याचे झाड रंगवत होता. त्या झाडावर एक्झिल्दाची फांदीच नव्हती.

ओव्हिलाने त्याचे कारण माझ्यासमोरच सांगितले. निवृत्त न्हावी होता तो, आणि समोरच्याची मान आपल्या हातात आहे अशा थाटातच बोलायचा.

"हे बघ फ्लोरिडा, राग मानू नकोस. चर्चच्या वहीत आहे ते आहे. मारी एक्झिल्दा कूर्तमांश, वय चार महिने, पुरली. मेलेलं पोर गिरणीत कामाला कसं येईल? तुझी आई आजीला कुठंतरी सापडलेली पोर असणार. तेव्हा व्हायचं असं."

"माझी आई सापडलेली? तिच्या फोटोतलं नाक बघ आणि जाऊन आरशात तुझं बघ!"

"नाक काय, कुणालाही असतं."

"असलं? हे असलं नाक देव दोन घरांत कशाला देईल?"

ओव्हिला हसला. "मी मनाचं काही रंगवत नाही. कागद दाखव, फांदी काढतो."

तो गेला आणि फ्लोरिडाने माझ्यात फिल्म घातली. तिने स्वतः ती नोंद शोधली, काचेवर बोट ठेवून एकेक शब्द वाचला. बाळाचे दफन. आईबापांची नावे बरोबर. मग तिने चष्मा काढला, डोळे पुसले आणि माझा दिवा बंद करून निघून गेली.

मित्रांनो, माझा जीव कसा तळमळला! त्याच फिल्मवर, दोन हिवाळे पुढे, तिची आई होती. त्याच आईबापांना पुन्हा मुलगी झाली आणि गेलेल्या लेकराचेच नाव तिला दिले. या लोकांत हे सर्रास चाले. माझ्या पडद्यावरून असे किती जोसेफ आणि किती मारी दुसऱ्यांदा जन्मलेले गेले असतील! हँडलचे जरासे काम होते. पण फ्लोरिडा आठवड्याने परत आली आणि पुन्हा तेच पान काढून बसली. मधल्या काळात अक्षरे बदलली असतील अशी आशा असावी. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मला हात असते तर मी ते कपाळावर मारून घेतले असते, पण मला कपाळही नाही.

आणि सगळ्यात वैतागाची गोष्ट तर पुढेच आहे. तिला दर वेळी गाडीतून घेऊन येणारा तिचा धाकटा भाऊ नॉर्मां येता-जाता तिच्यासमोर उत्तर ओरडून सांगत होता आणि त्याला स्वतःलाच ते कळत नव्हते! फ्लोरिडाच्या आधी तिच्या आईला एक मुलगी झाली होती. ती पाळण्यातच गेली. तिचेही नाव फ्लोरिडा. पांढऱ्या झबल्यातला तिचा फोटो आईच्या कपाटावर असे. त्यावरून नॉर्मां बहिणीला लहानपणापासून चिडवत आला होता. तिला गाडीपाशी यायला उशीर झाला की म्हणे, "पहिली फ्लोरिडा वेळेवर आली असती." तिने सूप खारट केले की, "पहिलीच्या हाताला चव असती." मी आपले ऐकत बसे. बहीणभावंडांनी उत्तर घरात वागवायचे आणि शोधायला माझ्याकडे यायचे, याला काय म्हणावे?

मेळावा दोन दिवसांवर आला. फ्लोरिडा पुन्हा त्याच पानासमोर बसली होती. नॉर्मां खिमा भरलेला तूर्तियेर घेऊन आला आणि त्याने तो गरम थाळा बिनदिक्कत माझ्या डोक्यावर ठेवला.

"खाऊन घे. तेच पान किती वेळा वाचशील?"

"मी मेळाव्याला येणार नाही, नॉर्मां. ते कापड भिंतीवर लागणार, सगळे फोटो काढणार, आणि माझी आई त्यात नाही. आयुष्यभर ती त्यांच्यासाठी राबली आणि आता म्हणे परकी."

नॉर्मांने तूर्तियेर कापायला सुरी उचलली. मग नेहमीचेच तोंडातून गेले. "पहिली फ्लोरिडा असती ना, तर तिनं ओव्हिलाच्या कानाखाली वाजवली असती."

"खड्ड्यात गेली तुझी पहिली फ्लोरिडा!" ती एवढ्या जोरात ओरडली की माझी काच थरथरली. "अठ्ठ्याहत्तर वर्षं ऐकतेय! मी काय मागून घेतलं होतं का ते नाव? मेलेल्या पोरीचं नाव आईनं माझ्या गळ्यात बांधलं, त्यात माझा काय..."

ती थांबली. नॉर्मांचा सुरी धरलेला हात तसाच राहिला.

"नॉर्मां," ती हळू आवाजात म्हणाली. मी तिला हळू बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. "आई हे कुणाकडून शिकली असेल?"

तिने हँडल धरले. अहो, अखेर धरले! पाने सरकू लागली. लग्ने, दफने, बारशी, जोसेफ, मारी, जोसेफ. नॉर्मांही माझ्या टोपड्यात घुसला, त्यामुळे दोघांची डोकी आपटली. मग ती नोंद आली. पाद्र्याने लिहिले होते, काल जन्मलेली मुलगी, नाव मारी एक्झिल्दा, बाप तोच, आई तीच.

"धर्मपिता कोण आहे बघ," नॉर्मां म्हणाला. "बाळाचा थोरला भाऊ. हा तर ओव्हिलाचा बाप!"

"म्हणजे माझ्या आईला बाप्तिस्म्याला ओव्हिलाच्या बापानं हातांवर धरलं होतं," फ्लोरिडा म्हणाली आणि रडू लागली. रडता रडताच तिने माझ्या टोपड्याचा मुका घेतला. लाल लिपस्टिकचा तो डाग आजही माझ्यावर आहे. माझे एवढे कौतुक कुणीच केले नव्हते.

ओव्हिलाला त्या दिवशी माझ्यासमोर आणून बसवण्यात आले. त्याने बापाचे नाव वाचले, मान खाली घातली आणि एवढेच म्हणाला, "कापडावर जागा नाही राहिली गं." फ्लोरिडा म्हणाली, "मग चौकटीबाहेर काढ." त्याने काढली. मेळाव्याहून आलेले लोक सांगत होते की फोटोत तीच फांदी सगळ्यांत आधी दिसते.

पुढे संगणक आले. माझ्यावर कापड पडले, कापडावर नाताळच्या देखाव्यातल्या मेंढरांची आणि एक कान तुटलेल्या गाढवाची पेटी आली. फ्लोरिडा गेली, नॉर्मांही गेला. मी रुसले नाही. वय झाले की बाजूला व्हावे लागते.

पण परवा नॉर्मांची नात केल्सी तळघरात आली. हातात फोन, बरोबर मैत्रीण. घराण्याचे झाड ती आता फोनवर बनवत होती.

"पेपेरला, म्हणजे माझ्या आजोबांना, एक फ्लोरिडा नावाची बहीण होती वाटतं," ती म्हणाली. "हे बघ, लगेच सापडली. अरेरे, पाळण्यातच गेली बिचारी."

"मग पुढे काहीच नाही?"

"काय असणार? मेली ना." तिने बोटाने काहीतरी दाबले. "झालं. चल, भूक लागली."

अगं केल्सी! अगं, ती फ्लोरिडा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी या खुर्चीवर बसून आईसाठी भांडत होती! तिची लिपस्टिक माझ्या टोपड्यावर आहे, नुसते हे कापड उचल! पण मला तोंड नाही आणि जिना चढून तिच्यामागे जायला पायही नाहीत.

म्हणून तुम्हाला विनवते, मित्रांनो. घरातल्या जुन्या माणसांची चिडवाचिडवीसुद्धा नीट ऐका, त्यात पुष्कळ काही असते. आणि कुणाचे दफन वाचले म्हणून लगेच दिवा बंद करू नका. हँडल जरासे पुढे फिरवा. मलाही लोक मेलेले समजतात, पण पेटी आणि कापड बाजूला करून बटण दाबून पाहा. माझा दिवा लागतो.