म्हसोबाचं तोंड

आमच्या चिंचवडच्या छोट्या संग्रहालयाची नोंदवही १९७३ साली माझ्याकडे आली. तिच्यात एक रकाना होता, 'वस्तू मूळ कोणाची'. आधीच्या कारकुनाने त्यात पानोपानी 'अज्ञात' लिहून ठेवलं होतं. मला त्या शब्दाचा भारी संताप. दगड काय आपल्या पायांनी चालत आले? कामचुकार माणसं, दुसरं काय!

मी आकुर्डीच्या वीरगळापासून सुरुवात केली. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या नावाने उभारलेला कोरीव दगड. दहा वर्षांपूर्वी कारखान्यासाठी जमीन सपाट करताना तो निघाला, तेव्हा नुसता शेंदराचा गोळा होता. नोकरीत नवा असताना मीच आठ दिवस खरवडून त्यातून तलवार उगारलेला, मिशीवाला वीर बाहेर काढला. साहेबांनी पाठ थोपटली होती.

तो दगड वाहून आणणारा गाडीवान दत्तोबा मला सापडला. "त्यो गोजाबाईच्या बांधावरचा म्हसोबा," तो म्हणाला. जमीन गेल्यावर गोजाबाई देहूला लेकीकडे राहायला गेल्या होत्या. तिथे गेलो, तर दारापुढे सारवलेला रिकामा चौथरा.

"धा वर्सं झाली, रोज सारवते," त्या म्हणाल्या. "देव आला तर बसंल कुटं?"

साहेबांनी सांगितलं, गाडीवानाचा शब्द चालायचा नाही, पण बाईंनी स्वतः ओळखून अंगठा दिला तर दगड परत देऊ. मला आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्यांच्या कामावर नाकाने कांदे सोलणारा मी, आता दाखवतोच म्हटलं.

गोजाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, शेंदराची पुडी घेऊन आल्या. त्यांनी दगड पुढून पाहिला, मागून पाहिला. मग पुडी पुन्हा कनवटीला खोचली.

"ह्यो न्हाई."

"आजी, हाच तो. नीट बघा."

"लगीन होऊन आले तवापासनं शेंदूर लावलाय म्या त्येला. आमच्या म्हसोबाला तोंड न्हवतं. ह्यो कुनी शिपाई हाय."

"तोंड शेंदराखाली होतं, आजी. शेंदूर मी काढला. या हातांनी."

त्या चक्क हसल्या. "काय बी सांगतोस, बाबा. देवाला कुनी सोलतंय व्हय?"

त्यांच्या, त्यांच्या सासूच्या, आजेसासूच्या बोटांनी चढवलेला तो शेंदूर मी केराच्या टोपलीत भरून फेकला होता. तो असता तर त्यांनी लांबून ओळखला असता. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

अंगठा झाला नाही. साहेबांनी रकाना भरायला सांगितला आणि मी 'अज्ञात' लिहिलं.

गोजाबाई दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. त्यांनी दगडाला हात जोडले.

"ह्यो बी कुनाचा तरी आसंल," त्या मला म्हणाल्या. "त्याची मानसं वाट बघत असतील, बाबा. तेवढी शोध."