दात जागेवर राहावेत म्हणून

"बाबा, माझ्या प्लेटखाली टिशूत गुंडाळलेलं काही होतं का?"

प्रतापराव फाटकाशी उभे होते. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत वळणाआड जात होती आणि ते तिच्याकडे, फौज रवाना केलेल्या सरदाराच्या समाधानानं पाहत होते. इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या या घरात ओला-सुका कचरा वेगळा करण्याचं खातं सासऱ्यांकडे होतं. त्यात सुनेचीच काय, ब्रह्मदेवाचीही ढवळाढवळ चालत नसे.

"होतं ना. आत प्लास्टिकचं काहीतरी निकललं. कागद वेगळा केला, प्लास्टिक वेगळं. सगळं बराबर डालून दिलं."

देवयानीच्या हातातल्या उष्ट्या प्लेटा तशाच राहिल्या. "बाबा, ते माझं रिटेनर होतं!"

"काय होतं?"

"दातांचं कव्हर! तारा काढल्यावर लावायला दिलेलं!"

"मग असं कागदात कशाला बांधलंस?"

प्रश्न रास्त होता, म्हणूनच जास्त झोंबला. खाताना काढलं की डबीतच ठेवा, कागदात गुंडाळू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण सकाळी देवासहून आलेल्या शारदाआत्या, म्हणजे प्रतापरावांची बहीण, समोरच बसल्या होत्या. "चाळिशी उलटल्यावर दात सरळ करून आता कुणाला दाखवायचेत गं?" हे त्यांनी पोहे यायच्या आधीच विचारून घेतलं होतं. त्यांच्यादेखत तोंडातून कव्हर काढायची देवयानीला लाज वाटली. तिनं ओढणीआड ते काढलं, टिशूत गुंडाळून प्लेटखाली सारलं आणि निमूटपणे पोहे-जलेबी खाल्ली. पुढे आत्यांना बसस्टँडवर सोडायची गडबड, आणि तेवढ्यात सासऱ्यांनी टेबलावरचा कचरा उचलून नेला.

विक्रांत सोफ्यावरून म्हणाला, "दुसरं बनवून घे ना यार. दात काय भागून जाणार आहेत का?"

"हो, जाणार आहेत!" देवयानी ओरडली. नवऱ्यानं मोबाइलमधून डोकं वर काढलं, एवढाच काय तो परिणाम झाला.

मुलीला, शमिकाला, बाराव्या वर्षी दाखवायला नेलं होतं, तेव्हा डॉक्टर रुचींनी आईचेही दात पाहिले. पुढे आलेले, एकावर एक चढलेले. तुमचेही होतील, त्या म्हणाल्या होत्या. मुलांचा जबडा वाढता असतो, दात लवकर ऐकतात. मोठ्यांना वेळ लागतो. आणि रिटेनर लावायचा कंटाळा केला तर दात माहेरवाशिणीसारखे जुन्या जागी निघतात. देवयानीला तेव्हा हसू आलं होतं.

दोघींना तारा लागल्या. शमिकाच्या दीड वर्षात निघाल्या, त्या दिवशी घरात केक आला. देवयानीचं गाडं चालूच होतं. जागा व्हावी म्हणून तिच्या दोन धडधाकट दाढा काढाव्या लागल्या. तार आवळून आली की चार दिवस पोळी वरणात कुस्करून खायची. गाल आतून सोलवटायचे, मग तारेवर मेण लावून ती बँकेत काउंटरवर बसायची. इंदुरात राहून भुट्टा नाही, तळलेल्या कंदाचा गराडू नाही, कडक शेव नाही, म्हणजे वनवासच. त्यात रोजचे ग्राहकही विचारायचे, "मॅडम, दसवीं में आ गईं क्या?" हसतील त्यांचे दात दिसतील, असं मनाला बजावत तिनं दिवस काढले. गेल्या महिन्यात तारा निघाल्या. ती घरी आली, स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी तिनंच सांगितलं. "अरे वा," विक्रांत म्हणाला, आणि त्यानं भाजी मागितली.

तिनं क्लिनिकला फोन लावला. "मॅडम हफ्ताभर बाहेर आहेत," रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली. "पण देर नका लावू हां ताई, सुरुवातीचे महिनेच नाजूक असतात. दात सरकतात."

"मग मी करू काय?"

"मॅडमला येऊ द्या ना."

डोकं भिंतीवर आपटावं असं देवयानीला वाटलं. प्रतापराव तोवर चपला घालून उभे होते. "चल. गाडी कचरा कुठे खाली करते मला मालूम आहे."

ती स्कूटर काढून निघाली, मागे सासरे. कचरा निवडायच्या आवारात गणवेशातल्या बायका पोत्यांभोवती बसल्या होत्या. प्रतापराव ऐटीत पुढे झाले. "सुनिए, हमारी बहू का... वो..." आणि अडले. घरात एवढा काळ चाललेल्या गोष्टीचं नावच त्यांना येत नव्हतं.

"चश्मा?" एकीनं विचारलं. तिच्या छातीवर प्रेमलता असं नाव होतं.

"नहीं, दाँत का..."

"बत्तीसी?" बायका खुदकन हसल्या.

देवयानी पुढे झाली. लाज कधीच संपली होती, आता फक्त चीड उरली होती. तिनं ओठ फाकवून दातांवर बोट ठेवलं. "ये सीधे करवाए हैं. वापस टेढ़े न हों, इसलिए एक कव्हर रहता है. प्लास्टिक का. काँच जैसा."

त्यांच्या गल्लीचं पोतं प्रेमलतानं उपसलं. कव्हर सापडलं, पण दोन तुकड्यांत. प्रतापरावांनी ते नळाखाली धुतलं आणि तुकडे जुळवून धरले. "चिपकेल का?"

"नाही, बाबा."

घाम पुसायला प्रेमलतानं तोंडावरचा मास्क खाली ओढला. तिचेही दात पुढे आलेले होते. "इस उमर में भी हो जाता है, दीदी?"

"हो जाता है."

"बहुत दुखा होगा ना?"

देवयानी हो म्हणणार होती. एवढ्या वर्षांत हे तिला घरात कुणी, एकदाही, विचारलं नव्हतं. पोत्यांच्या मधोमध उभी राहून ती रडू लागली, आणि रडू आलं म्हणून स्वतःवरच चिडली. प्रेमलतानं हातमोजा काढून तिच्या दंडावर हात ठेवला. प्रतापराव तुकडे मुठीत धरून नळापाशीच थांबले.

परतताना चौकात सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा मागून सासऱ्यांचा हळू आवाज आला. "अजून दुखतं का गं?"

"दात नाही दुखत, बाबा," ती म्हणाली. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. सिग्नल सुटला होता, तिनं गाडी पुढे काढली.