परत आलेला फोटो

मी एक जुना पांढरा पडदा आहे. खिडकीचा नव्हे, आणि नाटकाचा तर मुळीच नव्हे. मित्रांनो, पासपोर्टसाठी किंवा व्हिसासाठी तुम्ही कधी फोटो काढायला गेला असाल, तर माझ्यासारख्या एखाद्या पडद्याकडे पाठ करून स्टुलावर बसला असाल. फोटोत तुमच्या कानांमागे जे कोरे पांढरे दिसते, तोच मी. माझ्याकडे कुणाचे लक्ष जाऊ नये, एवढेच माझे काम. माझ्याकडे लक्ष गेले, की काहीतरी बिघडले असे समजावे. तसे एकदा घडले, आणि ते मला अजून विसरता आलेले नाही.

माझा जन्म एका कापडगिरणीत झाला. मी जाड आणि घट्ट विणीचा होतो. एका शिंप्याने माझी वरची कड दांडी जाईल इतकी दुमडून शिवली आणि फोटोवाल्या काकांनी मला आपल्या दुकानात आणून टांगले. दुकान एका बोळात होते. व्हिसाचे अर्ज घेणारी कचेरी तिथून चालत दोन मिनिटांवर. पुढे काउंटर, मागे फोटोची खोली. खोलीत दोन दिवे, एक स्टूल, एक आरसा आणि कुणी चुकून खिशात घालू नये म्हणून दोरीने बांधून ठेवलेला कंगवा.

काका दर शनिवारी मला उतरवून स्वतःच्या हाताने धूत आणि ओलसर असतानाच इस्त्री करत. माझ्यावर एक चुणी राहिली तर तिची सावली फोटोत येते, हे त्यांना ठाऊक होते. फोटोचे नियम कडक होते. चष्मा नको, डोक्यावर काही नको, डोळे पूर्ण उघडे, तोंड मिटलेले. काका प्रत्येकाला सांगत, "हसू नका. पण आमच्यावर रागावल्यासारखंही बघू नका." हे ऐकून माणसे हमखास हसत. मग काका हात बांधून हसू ओसरायची वाट बघत.

तान्ह्या बाळाचा फोटो असला की ते मला जमिनीवर अंथरत, बाळाला माझ्यावर निजवत आणि स्वतः स्टुलावर चढून वरून फोटो काढत. त्या कामात मी दोनदा ओला झालो. मला त्याचे काहीच वाटले नाही. कचेरीतली माणसे म्हणत, "बोळातल्या दुकानातला फोटो ना? मग ठेवा." अशी माझी बरीच वर्षे चांगली गेली.

पुढे काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि दुकान त्यांच्या पुतण्याकडे आले. पुतण्या वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. तो झटपट काम करायचा आणि त्याच्याकडे कॉम्प्युटर होता. काका फोनवर विचारायचे, "पडदा धुतलास का रे?" तो म्हणायचा, "काका, आता कशाला धुवायचा? कॉम्प्युटर करतो की पांढरा!" शनिवारचे धुणे बंद झाले. वरच्या मजल्याचा नळ गळत होता. ते पाणी छतातून माझ्या पुढच्या बाजूवर ठिबकले आणि माझ्या मधोमध ताटलीएवढा पिवळट डाग पडला. पुतण्या तो डाग कॉम्प्युटरवर पुसून टाकी. बहुतेकांचे फोटो चालून जात.

मग एका सोमवारी सकाळी शिवणाच्या बाई आल्या. त्या शाळेत मुलींना शिवण शिकवत असत. आता निवृत्त झाल्या होत्या. केस पार पांढरे, कापसासारखे. सोबत त्यांचा धाकटा भाऊ होता, हातात कागदांची जाड पिशवी घेऊन.

"लवकर होईल ना हो?" भावाने विचारले. "साडेअकराची वेळ मिळालीय कचेरीत. हिची मुलगी परदेशात आहे. फार आजारी आहे. आईला बोलवून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलंय."

"दोन मिनिटांत देतो," पुतण्या म्हणाला.

बाई स्टुलावर बसण्याआधी माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझी कड बोटांत धरून उलटसुलट केली. "कापड चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "धूत नाही का कुणी?" पुतण्याने ऐकले न ऐकल्यासारखे केले.

खरोखरच दोन मिनिटांत फोटो झाला. पुतण्याने कॉम्प्युटरवर माझा डाग पुसला. पण कॉम्प्युटरला डाग कुठला आणि बाईंचे पांढरे केस कुठले, हे कळेना. त्याने डागाबरोबर केसांची कड खाल्ली आणि डाव्या कानाचा वरचा भागही पुसट केला. पुतण्याने पाहिले, पण घाईत सोडून दिले.

तासाभराने दोघे परत आले. भाऊ घामाघूम झाला होता. "फोटोत फेरफार केलाय म्हणतात. दुसरा आणा, एक वाजेपर्यंत थांबतो म्हणाले."

पुतण्याचा चेहरा उतरला. आता डाग पुसायची सोय नव्हती. त्याने बाईंचे स्टूल माझ्या अगदी जवळ सरकवले, म्हणजे डाग त्यांच्या डोक्यामागे झाकला जाईल. डाग झाकला गेला. पण इतक्या जवळ बसल्यामुळे त्यांच्या डोक्याची काळी सावली माझ्यावर पडली. कचेरीच्या खिडकीवरच्या माणसाने तो फोटो घेतला आणि अर्ज पुढे गेला. सगळ्यांना वाटले, सुटलो.

पुढच्या सोमवारी संपूर्ण अर्ज परत आला. कारण एकाच ओळीत लिहिले होते, चेहऱ्यामागे सावली आहे, फोटो ग्राह्य नाही. नवी वेळ बुधवारची मिळाली. मित्रांनो, माझ्यावर पडलेल्या एका सावलीने त्या आईचे नऊ दिवस गेले.

मंगळवारी सकाळी भाऊ दुकानात शिरला तो ओरडतच. "तिकडे ती श्वास मोजतेय आणि इकडे तुम्हाला एक फोटो धड काढता येत नाही?"

बाई त्याचा दंड धरून म्हणाल्या, "अरे, ओरडू नकोस. ओरडून फोटो चांगला येणार आहे का?"

 पुतण्याने त्या दोघांना बाकावर बसवले, पाणी दिले आणि काकांना फोन लावला. "काका, माझ्याच्याने होत नाहीये. तुम्ही या," एवढेच तो म्हणाला.

काका रिक्षाने आले. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना काळा चष्मा दिलेला होता. आत आल्याबरोबर त्यांनी हाताने मला चाचपले आणि चष्मा कपाळावर सरकवून डाग पाहिला. पुतण्याकडे त्यांनी बघितलेही नाही. त्यांनी मला दांडीवरून उतरवले आणि मागच्या मोरीत नेऊन साबण लावून घासले. डाग फिकट झाला, गेला नाही. मग त्यांनी मला पिळून गरम इस्त्रीने कोरडे केले आणि उलटे करून टांगले. ज्या बाजूने मी इतकी वर्षे भिंतीकडे तोंड करून होतो, ती बाजू पुढे आली. तिथे डाग जेमतेम दिसत होता. काकांनी दांडी सरकवून तोही चौकटीबाहेर नेला.

"बाई, एक पाऊल पुढे बसा," ते म्हणाले. "केस पांढरे असले की पडद्यापासून लांब बसायचं असतं. मागचा दिवा मी थोडा मंद करतो, म्हणजे केस वेगळे दिसतील."

एवढ्यात भावाच्या हातातला फोन वाजला. त्याने तो बाईंच्या समोर धरला. फोनच्या स्क्रीनवर बाईंची मुलगी दिसली. डोक्याला टोपी, ओठ सुकलेले.

"आई, कुठेयस?"

"फोटो काढायला आलेय गं."

"अजून फोटोच?"

 मग मुलगीच पुढे म्हणाली, "हसू नकोस हं फोटोत. मी हसले होते म्हणून माझा परत आला होता."

"नाही हसत," बाई म्हणाल्या. "तू जेवलीस का?"

"थोडंसं. लवकर ये."

फोन बंद झाला. बाईंचे डोळे भरून आले होते. काकांनी कॅमेऱ्यामागून पाहिले आणि हात खाली घेतला.

"काढा ना," भाऊ म्हणाला. "किती वेळ?"

"ओल्या डोळ्यांत दिव्याची तिरीप चमकते. पुन्हा परत पाठवतील," काका म्हणाले. "घाई आहे म्हणूनच थांबू या. बाई, डोळे चोळू नका, लाल होतील. आपोआप सुकू देत."

 पुतण्याने पंखा बाईंच्या बाजूला वळवला. दहाबारा मिनिटे गेली असतील. मग बाई स्वतःच म्हणाल्या, "घ्या आता." त्यांनी पाठ ताठ केली, हनुवटी किंचित खाली घेतली आणि समोर बघितले. मी त्यांच्यामागे जितका कोरा राहता येईल तितका कोरा राहिलो.

तो फोटो पहिल्या फटक्यात चालला. अर्ज पुढे गेला आणि त्यापुढच्या सोमवारी दुपारी व्हिसा हातात आला.

मुलगी रविवारी पहाटे गेली होती.

हे आम्हाला आठवड्याने कळले. भाऊ एकटाच दुकानात आला. काका त्या दिवशी काउंटरवर बसलेले होते. "बाई गेल्या का?" त्यांनी विचारले.

"गेली. त्याच व्हिसावर गेली," भाऊ म्हणाला. "अंत्यविधीसाठी थांबले होते ते लोक. तिची नात आहे चार वर्षांची. ती हिला सोडतच नाही म्हणे." मग त्याने काउंटरच्या काचेवर हात टेकले. "तुमच्यामुळे माझी भाची गेली, असं मी म्हणत नाही. ती जाणारच होती. पण पहिलाच फोटो चालला असता, तर माझी बहीण आठ दिवस तिच्या उशाशी बसली असती. तेवढे आठ दिवस शुद्धीत होती पोरगी."

काकांनी चष्मा काढला. पुतण्या आतल्या खोलीत माझ्यासमोर उभा होता आणि त्याने हे सगळे ऐकले. तो बाहेर आला. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "पहिल्या फोटोत कान गेलेला मला दिसला होता."

भावाने त्याच्याकडे पाहिले. माफ केले असे तो म्हणाला नाही, आणि पुन्हा ओरडलाही नाही. पायऱ्या उतरून निघून गेला.

त्यानंतर दुकानात नवा पडदा आला. मी आता घडी होऊन कपाटावर पडलो आहे आणि माझ्यावर जुने दिवे ठेवलेले आहेत. इथून मला खोली दिसत नाही, फक्त ऐकू येते. शनिवारी मोरीतून पाण्याचा आवाज येतो. स्टुलावर कुणी बसले, की पुतण्या आधी विचारतो, "कधीपर्यंत पोचायचंय तुम्हाला?" कुणी म्हणते फिरायला चाललोय, कुणी म्हणते नोकरी आहे. उत्तर काहीही असो, तो फोटो दोनदा तपासतो, आणि मनासारखा नसला तर माणसाला पुन्हा बसवतो.

मित्रांनो, तुम्ही मोठे झालात की तुमच्याही हाती असेच एखादे लहानसे काम येईल. कागद तपासायचे, कपडा धुवायचा, एक ओळ लिहायची. समोरचा माणूस कुठे निघाला आहे आणि तिकडे त्याची कोण वाट बघते आहे, हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. म्हणून ते काम नीट करा. नंतर दुरुस्त करता येते, असे समजू नका. आम्ही दुरुस्त केले होते. अगदी उत्तम केले होते. बाईंना मात्र वेळेत पोचवू शकलो नाही.