उष्ट्या पत्रावळी

मोतीरामला द्राक्षबागेच्या लोखंडी खांबाला बांधलं होतं आणि आमच्या गावची पोरं त्याला ठिबकच्या नळ्यांनी झोडपत होती. नाक फुटलं होतं, सदरा रक्तानं चिकटला होता. सगळ्यांत पुढं माझाच पुतण्या, योगेश.

"केबल चोरतो काय रे? गोणी कुणाची, बोल."

मोतीराम माझ्याकडं बघायचा आणि खाली मान घालायचा. मी डोक्याला फेटा बांधून तिथंच उभा. तो चोर नाही हे त्या गर्दीत फक्त मला माहीत होतं.

लाज वाटते, पण सांगतो. निफाडकडच्या आमच्या गावात सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी प्रमुखानं पंगतीच्या उष्ट्या पत्रावळी स्वतः उचलायच्या. पांडवांच्या यज्ञात श्रीकृष्णानं उचलल्या, म्हणून. यंदा प्रमुख मी. सकाळी काल्याच्या कीर्तनात महाराजांनी हीच कथा लावली, तेव्हा मी पुढं बसून डोळे पुसले. मग चार पत्रावळी उचलल्या, फोटो काढून घेतला, आणि बागेत कामाला आलेल्या पेठच्या मोतीरामला मंडपामागं गाठलं.

"बाकीचं तू उरक. गोणीत भर, बागेपलीकडच्या खड्ड्यात टाक. माझं नाव कुणाला सांगायचं नाय."

लोकांचं खरकटं मी काढायचं? मी? एवढाच माज होता, दुसरं काही नाही.

आठवड्यात दोनदा विहिरीवरची केबल गेली होती. परका माणूस, पाठीवर गोणी, बागेतून चाललेला. पोरांनी धरलं आणि गोणी पाटात भिरकावली. उघडून बघायचं एकालाही सुचलं नाही.

योगेशनं पहार उचलली. पहिला घाव मोतीरामच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो ओरडला, पण माझं नाव घेईना. दुसऱ्या घावाला पहार डोक्याच्या वर गेली.

तेव्हा कुठं माझे पाय हलले. मी मोतीरामच्या अंगावर पडलो. योगेशनं हात आवरला, पण पहार माझ्या खांद्यात बसलीच, फेटा मातीत गेला.

"गोणी माझी आहे," मी म्हणालो. "पत्रावळी आहेत तिच्यात. माझं काम होतं. मी याच्यावर ढकललं."

योगेशनं पाटातली गोणी ओढून फाडली. भात, वरण, बुंदी, पत्रावळी. योगेश तिथंच खाली बसला आणि रडायला लागला. मला त्याच्यावर हात उचलायचा होता, पण कुठल्या तोंडानं उचलणार?

गावातली जीप आली. मी मोतीरामला खांबावरून सोडवून मागं मांडीवर घेतलं. मातीतला फेटा उचलून त्याच्या मनगटाला गुंडाळला. त्याचे दोन दात पडले होते, बोलताना रक्त येत होतं, तरी माझा सदरा धरून तो बोललाच.

"दादा, म्या नाय सांगितलं कुणाला."