दांडगोबा आणि मुनी

लग्नाच्या केकवर नवरीच्या नावातली वेलांटी काढता काढता पोटातून अशी सणसणीत लाथ बसली, की वेलांटीचा पार नांगर झाला. नक्षीताई क्रीमची पिशवी हवेत तशीच धरून हसत सुटली.

"काय गं, काय झालं?" भट्टीपाशी उभ्या असलेल्या मालकीणबाईंनी विचारलं.

"दांडगोबा उठला!"

झालं! पाव कापणारी, पीठ मळायच्या यंत्रावरचा, खोकी बांधणारी, सगळे हातातलं काम टाकून तिच्या उंच स्टुलाभोवती गोळा झाले. हात धुऊन, पुसून, रांगेत. जणू काही दर्शनच. दांडगोबानंही कुणाला निराश केलं नाही. खोकी बांधणारीच्या तळव्यावर त्यानं लागोपाठ दोन ठोसे हाणले, तशी ती किंचाळली, "अगंबाई, हा तर दार वाजवतोय!"

या बेकरीत केकवरची सगळी कलाकुसर ती एकटी करायची, म्हणून तिला सगळे नक्षीताई म्हणत. तिचा नवरा याच बेकरीची गाडी चालवायचा, दुकानादुकानात पाव पोचवायचा. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आणि 'आता काही नाही बुवा' असं दोघांनी मनाशी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. आणि मग एकदम जुळं! सोनोग्राफीच्या वेळी पडद्यावर दोन डोकी दिसली, तेव्हा नवरा डॉक्टरीणबाईंना म्हणाला होता, "एकाची सावली पडलीय बहुतेक." डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "सावलीला वेगळं हृदय नसतं हो!" त्यानं तिथेच भिंतीला पाठ टेकली होती.

पोटातलं हलणं जाणवायला लागलं, तेव्हा तिला सुरुवातीला दोघांतलं कोण कुठलं ते काही केल्या उमगेना. पुढे पोट वाढलं, पोरांनी आपापल्या जागा धरल्या, तसे स्वभाव दिसायला लागले. डावीकडचा म्हणजे सगळा धुडगूस. लाथा, बुक्क्या, कोलांट्या. उजवीकडचा गरीब. लाथ म्हणून मारायचा नाही. दुपारी जेवून ती पाय वर करून बसली, की तो सावकाश या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचा. ओल्या फडक्याखाली पीठ फुगतं ना, तसा उजव्या अंगाला एक उंचवटा यायचा आणि हळूच ओसरायचा. संध्याकाळी पुन्हा एकदा तसंच. सासूबाईंनी नावं ठेवून टाकली. एक दांडगोबा, दुसरा मुनी.

सासूबाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्या तरी आवाज मैदानावरचाच राहिला होता. सुनेच्या पोटाशी वाकून त्या मोठ्यानं म्हणायच्या, "दांडगोबा, सावधान! मुनी, विश्राम!" नवरा गाडीवर असला की फोन करायचा, "काय गं, दोघांची हजेरी लागली का?" आणि ती सांगायची, "दांडगोबा हजर. मुनी तासाभरानं येतील, त्यांची समाधी चालू आहे." घर कसं नुसतं उतू चाललं होतं आनंदानं.

या सगळ्यात तपासणीला गेली असताना नर्सताईंनी मात्र तिला समोर बसवून नीट सांगितलं होतं. "हे बघा, आकडे पाठ करत बसू नका. प्रत्येकाची चाल ओळखा. जुळ्यांत काय होतं, एक खूप हलतो म्हणून दुसरा विसरला जातो. दोघांची हजेरी वेगवेगळी घ्यायची. आणि दोघांपैकी एकाचंही रोजच्यापेक्षा कमी वाटलं, तर घरी वाट बघायची नाही. गार पाणी पिऊन बघू, गोड खाऊन बघू, असले प्रयोग करत बसायचं नाही. सरळ फोन, आणि सरळ इकडे. दिवस असो की रात्र."

"आणि उगीचच आले असं निघालं तर?"

"तर चहा पिऊन घरी जाल!" नर्सताई म्हणाल्या होत्या.

तर त्या वेलांटीच्या दिवशी दांडगोबाला काही धरबंधच नव्हता. सकाळभर त्याचं थैमान चाललं होतं. नक्षीताईनं नांगर पुसून पुन्हा वेलांटी काढली, गुलाब काढले, काठाला झालर लावली. दुपारी सासूबाई डबा घेऊन आल्या. खरं तर डबा हे निमित्त, त्यांना नातवंडांची खबर हवी असायची. दोघी मैद्याच्या पोत्यांशेजारी जेवल्या. जेवण झालं, पाय वर झाले, आणि नक्षीताईनं सवयीनं उजव्या अंगाला हात ठेवला.

मुनी काही आला नाही.

येईल, म्हटलं तिनं. सासूबाई शेजारणीच्या मांजराची काहीतरी गंमत सांगत होत्या, ती हसत होती, पण तिचं अर्धं चित्त हाताखाली होतं. डावीकडे धडामधुडूम चालूच होतं. उजवीकडे नुसती शांतता. आणि मग तिला आठवलं, की काल संध्याकाळीही तो नेहमीसारखा वळला नव्हता. थोडासा हलला होता, कूस बदलायला निघून मध्येच कंटाळल्यासारखा. काल तिनं ते मनावर घेतलं नव्हतं. दांडगोबाच्या धिंगाण्यात ते बुडून गेलं होतं.

"आई," ती म्हणाली, "मुनी हलला नाही."

सासूबाईंचं मांजर अर्ध्यावर राहिलं. मालकीणबाई जवळच होत्या, त्यांनी पोटावर हात ठेवला. "अगं, हे काय, केवढं हलतंय! वेडी का काय?"

"हा दांडगोबा आहे, मालकीणबाई. मुनी नाही."

"अगं पण कळतं का असं?"

तिला खात्रीनं सांगता आलं नसतं. क्षणभर तिला आपलंच हसू आलं. एवढं धडधडीत पोट उसळतंय आणि आपण दवाखान्यात जाऊन सांगायचं काय, तर अर्धं पोट हलत नाही? गाडी नुकतीच भरून तयार होती. दुकानदार वाट बघत असतील. समोर केकचा एक अख्खा मजला रिकामा होता. पाणी पिऊन डाव्या कुशीवर जरा पडावं का? तिनं तांब्याकडे हात नेला आणि मागे घेतला. मग फोन उचलला.

नर्सताईंनी एवढंच विचारलं, "उजवीकडचा का? कधीपासून?" तिनं सांगितलं. "निघा. डबा धुवायला थांबू नका."

मालकीणबाईंनी टेबलावरची क्रीमची पिशवी उचलली. "केकचं मी बघते. तू पळ. म्हणजे पळू नकोस, पण पळ!"

नवऱ्यानं गाडी दाराशी आणली, तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पुढे दोघांचीच जागा. सासूबाई क्षणाचाही विचार न करता साडी खोचून मागे पावांच्या ट्रेंशेजारी चढल्या. "मी बसते इथे. तू गाडी हाण!"

वाटेत सिग्नलला गाडी थांबली की मागून आवाज यायचा, "हलला का?" आणि पुढून उत्तर जायचं, "नाही, दांडगोबाच आहे." नवऱ्याच्या एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात तिची बोटं. तिला भीती वाटत होती, नाही असं नाही. पण त्या भीतीच्याही वर काहीतरी होतं. शर्यत सुटायच्या आधी छातीत होतं तसलं काहीतरी. मुन्या, आलेच हं, ती मनात म्हणत होती. तू काही बोलत नाहीस, पण मला कळलंय.

दवाखान्यात नर्सताईंनी तिला सरळ पलंगावर घेतलं. पोटावर गार गार मलम, त्यावर दोन पट्टे, दोन चकत्या. डावी चकती टेकली आणि खोलीभर घोड्याच्या टापा घुमल्या. "हे तुमचे दांडगोबा," नर्सताई म्हणाल्या. मग उजवी. खरखर. थोडं खाली. खरखर. थोडं आणखी बाजूला. सासूबाईंनी दोन्ही मुठी आवळून छातीशी धरल्या होत्या. त्यांच्या केसांना मैदा लागला होता आणि तो झटकायचंही कुणाला सुचत नव्हतं.

मग आवाज आला. टापाच, पण जरा दुरून आल्यासारख्या.

"आहे!" नवरा एवढ्या जोरात ओरडला, की बाहेरून कुणीतरी डोकावून गेलं.

"आहे," नर्सताई म्हणाल्या, पण त्यांची नजर यंत्रातून सरकणाऱ्या कागदावरून हलली नाही. एका रेघेला डोंगर-दऱ्या होत्या. दुसरी, मुनीची, नुसती सपाट पसरली होती, माळरानासारखी. त्यांनी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी सोनोग्राफी केली, बराच वेळ उजव्या अंगाला यंत्र फिरवलं, मग खुर्ची ओढून तिच्या अगदी जवळ बसल्या.

"नीट ऐका. उजवीकडच्या बाळाला नाळेतून रक्त कमी पोचायला लागलंय. ते शक्ती जपून वापरतंय, म्हणून हलणं कमी झालंय. आत्ता ठीक आहे. पण आत ठेवण्यापेक्षा बाहेर ठेवलेलं बरं. दिवस पुरते भरले नाहीत, तरी दोघांचीही तब्येत बाहेर येण्याजोगी आहे. तुम्ही उद्यावर टाकलं नाहीत, फार छान केलंत."

"म्हणजे कधी बाहेर काढायचं?" नवऱ्यानं विचारलं.

"आत्ता. तयारी चालू झालीय."

आत्ता म्हणजे आज! आज त्यांची तोंडं दिसणार! तिला भीती वाटली आणि त्याच वेळी ओठांवर हसू फुटलं, आणि दोन्हींतलं आधी काय आलं हे तिला पुढेही कधी सांगता आलं नाही.

"आज?" सासूबाई म्हणाल्या. "अगं, दुपटी धुवायची राहिलीत!"

ऑपरेशनच्या खोलीत कंबरेखालचं अंग बधिर झालं होतं, पण ती टक्क जागी होती. छातीशी हिरवा पडदा. उशाशी नवरा, डोक्यावर कागदी टोपी, ती एका कानावर घसरलेली. पडद्यापलीकडे खुसफुस, ओढाताण, कुणीतरी कपाटात हात घालून धुंडाळत असावं तसं. आणि एकदम एक खणखणीत टाहो.

"मुलगी!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही तुमची डावीकडची."

"दांडगोबा मुलगी आहे?" नवऱ्याचं तोंड उघडंच राहिलं.

पण तिचे कान पुढच्या आवाजाकडे लागले होते. पडद्यापलीकडे सगळे एकाएकी गप्प झाले. तिनं नवऱ्याचा हात धरला. आत कुणी काहीतरी पुसत होतं, कुणी हळू आवाजात बोलत होतं. रड ना रे, ती पुटपुटली. आता कसली समाधी!

आणि मुनीनं मौन सोडलं. ते असं सोडलं, की दांडगोबा ऐकत राहिली. बारीक, तिखट, चिरका आवाज, थांबायचं नावच नाही. नर्सताई मोठ्यानं हसल्या. "हीसुद्धा मुलगी! आणि चांगलीच चिडलीय!"

नवरा ढसाढसा रडायला लागला. टोपी खाली पडली, ती उचलायला वाकला आणि तिथेच गुडघ्यावर बसून तिच्या केसांत तोंड खुपसून रडत राहिला. तिला त्याला थोपटायचं होतं, पण सलाइन आणि बीपीच्या पट्ट्यानं हात दोन्हीकडे बांधल्यासारखे होते, म्हणून ती नुसती "अरे वेड्या, अरे वेड्या" म्हणत राहिली.

बाहेर सासूबाईंना बातमी कळली तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. मालकीणबाईंना फोन गेला. "गाडीतला माल?" सासूबाईंनी विचारलं. मालकीणबाईंनी सांगितलं, "आता कसली दुकानं! वाटून टाका!" मग काय, सासूबाईंनी ट्रे उतरवले आणि पहारेकऱ्यापासून झाडूवाल्या मावशीपर्यंत, रांगेत बसलेल्या पेशंटांपासून त्यांच्या नातेवाइकांपर्यंत, दिसेल त्याच्या हातात ताजा पाव ठेवला. "जुळ्या नाती झाल्यात, जुळ्या! घ्या, आणखी एक घ्या, दोन आहेत ना त्या!" नर्सताईंनी दोनदा दटावलं, तिसऱ्यांदा स्वतःच एक पाव उचलला.

मुनीचं वजन कमी भरलं, म्हणून तिला काही दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. दांडगोबा आईजवळ. दुसऱ्या दिवशी सकाळी नक्षीताईला अर्धवट झोपेत पोटात डावीकडे एक लाथ जाणवली. तिचा हात आपसूक तिकडे गेला. पोट तर मऊ, रिकामं.

"काय गं?" नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही. कुणीतरी हललं असं वाटलं."

"होतं असं," नर्सताई औषध देताना म्हणाल्या. "काही दिवस वाटत राहतं."

मुनीला पेटीतून काढून पहिल्यांदा तिच्या छातीशी दिलं, तेव्हा बेकरीतले सगळे हात धुऊन बाहेर उभे होते. कोणालाच आत सोडत नव्हते. मुनी मुठीएवढी होती, कपाळाला आठ्या, आणि तोंड उघडून अशी भुकेली, की तिला नीट धरेपर्यंत तिनं खोली डोक्यावर घेतली. दांडगोबा शेजारी गाढ झोपली होती, तोफ डागली तरी उठणार नाही अशी.

"नावांची अदलाबदल करावी लागणार," सासूबाई म्हणाल्या.

"राहू द्या हो आई," नक्षीताई म्हणाली. "उद्या पुन्हा स्वभाव बदलतील."

तेवढ्यात मुनीला दूध लागलं. रडं मध्येच तुटलं. घुटक्-घुटक् आवाज यायला लागला आणि नवरा ते बघायला इतका पुढे वाकला, की नर्सताईंना त्याला कॉलर धरून मागे ओढावं लागलं.