आडवी होणारी सीट

कार्ड मशीनला लावून तो पिन दाबणार, एवढ्यात खिशातला फोन वाजला. बायकोचा होता. त्याने कापला. दुकानातून घेतलेलं वॉशिंग मशीन घराच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ड्रायव्हरचं होतं, पैसेही ड्रायव्हरचे, कार्ड तेवढं ह्याचं. पावती हातात पडेपर्यंत फोन पुन्हा वाजला आणि पुन्हा कापला गेला. ड्रायव्हरने नोटांचं पाकीट त्याच्याकडे दिलं आणि म्हणाला, की कपडे धुणार आमची बायको आणि विमानात बसणार तुम्ही, बरं आहे बुवा तुमचं, पॉइंटशेठ. ह्यावर तो मनापासून हसला. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा त्याने उचलला.

“धाकट्या भावाचा फोन होता,” बायको म्हणाली. “आईला दवाखान्यात ठेवलंय. छातीत पाणी झालंय. माझं नाव घेतेय सारखी.”

“आलोच,” तो म्हणाला. आणि खोटं कशाला सांगा, दुकानाच्या पायऱ्या उतरताना त्याने आधी वॉशिंग मशीनचे पॉइंट चढले का ते पाहिलं, मग बस पकडली.

तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. उभा जन्म त्यातच गेला. तयार चष्मा दोन्ही हातांनी गिऱ्हाइकासमोर धरायचा आणि म्हणायचा, घालून बघा. बायको सांगायची, हे झोपेतही घालून बघा म्हणतात. कर्जाच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा माणूस, पण बँकेतली एक मुलगी चष्मा करायला आली आणि बोलता बोलता एक क्रेडिट कार्ड ह्याच्या गळ्यात बांधून गेली. खर्च करा, पॉइंट मिळवा, विमानाने फिरा. आधी त्याचा विश्वास बसला नाही. मग बसला, आणि बसला तो असा, की उठायचं नावच घेईना. मालकाच्या काचांची ऑर्डर ह्याच्या कार्डावर, शेजाऱ्यांची विजेची बिलं ह्याच्या कार्डावर, कोणाचा फ्रिज, कोणाच्या मुलीची फी. पैसे रोख घ्यायचे आणि बँकेत वेळेआधी भरायचे. बँकेला आजवर एक पैसा व्याज दिलं नाही, हे तो छाती पुढे काढून सांगायचा. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजायच्या, असं बायको म्हणायची. तो म्हणायचा, भाजू दे, तू आडवी होऊन जाशील तेव्हा बोल.

ह्या आडव्या होण्यामागे एक गोष्ट होती. बायकोची आई समुद्रापलीकडे धाकट्या मुलाकडे राहायची. पूर्वी एकदा दोघं तिला भेटायला गेले होते, सगळ्यात स्वस्त तिकिटावर. बायकोची कंबर शिवणाच्या कारखान्यात बसून बसून कामातून गेलेली. विमान उतरलं तरी तिला उठताच येईना. लोक खोळंबले, मग चाकाची खुर्ची आली, आणि दारात उभ्या असलेल्या आईसमोर ती त्या खुर्चीतून गेली. म्हातारी घाबरली, बायको शरमेने रडली. तेव्हाच ह्याने मनाशी ठरवलं, की पुढच्या वेळी हिला बिझनेस क्लासने न्यायचं. तिथली सीट पलंगासारखी आडवी होते. मोजे, डोळ्यांवरची पट्टी, ब्रश असं भरलेली छोटी पिशवी देतात. दुपारी डबा खाताना तो मोबाइलवर त्याच सीटचे व्हिडिओ बघायचा आणि मालकालाही बळेच दाखवायचा.

साध्या सीटपुरते पॉइंट कधीच जमले होते. व्हिसाही काढून ठेवले होते. पण दर वेळी ह्याचं एकच, अजून थोडे जमू देत. एकदा बायको वैतागून म्हणाली होती, त्या पॉइंटांचं काय लोणचं घालायचंय का? तो हसला होता. सासूबाई फोनवर मात्र कधी कुरकुरल्या नाहीत. त्यांना ह्या जावयाचं भारी कौतुक. परदेशात राहूनही त्यांनी दुसऱ्या कोणाकडून चष्मा करून घेतला नाही. मुलगा नंबर कळवायचा, हा इथे चष्मा करून पाठवायचा. मागच्या फोनवर त्या म्हणाल्या होत्या, चष्म्याच्या दांडीचा स्क्रू पडलाय, दोरा बांधून ठेवलाय, पोराला हात लावू देत नाही, तुम्ही याल तेव्हा बसवा. आलोच की, असं तो म्हणाला होता.

घरी पोचला तेव्हा बायकोने बॅग पलंगावर उघडून ठेवली होती. स्वेटर, औषधं, कंबरेचा पट्टा. तिने विचारलं, आजचं विमान मिळेल का? त्याने पाहिलं. मिळत होतं. साधी सीट, विकत. महाग होती, पण परवडण्यापलीकडे नव्हती. पैसे नव्हते असं नाही हो. बँकेत ठेव होती, तिच्या नावावर होती. पण त्याच पडद्यावर, तीन दिवसांनंतरच्या विमानात, पॉइंटवर दोन आडव्या सीटा मोकळ्या दिसत होत्या. इतकी वर्षं ज्यांची वाट पाहिली त्या सीटा, आणि नेमक्या आज. त्याला तो शकुनच वाटला.

“तीन दिवसांचा तर प्रश्न आहे,” तो म्हणाला. “तिथे तुला धड उभं राहून आईचं करता आलं पाहिजे. मागच्यासारखं झालं तर तुझंच करावं लागेल त्यांना.”

त्याचं म्हणणं अगदीच खोटंही नव्हतं. त्याने कार्डाचे पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात वळवले. एकदा वळवलेले पॉइंट परत मिळणार नाहीत आणि जमा व्हायला काही दिवस लागू शकतात, अशी सूचना आली. ती त्याने वाचली, नाही असं नाही. मालकाच्या भाच्याचे चुटकीसरशी जमा झाले होते, म्हणून त्याने बिनधास्त होकार दाबला.

ह्याचे झाले नाहीत. कार्डावरून गेले आणि तिकडे पोचले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याने सकाळपासून बँकेला फोन लावला. बँक म्हणे आमच्याकडून गेले, विमान कंपनी म्हणे आमच्याकडे आले नाहीत. दुकानात त्याने एका बाईंची उजवी काच डावीकडे बसवली. असं त्याच्या हातून कधीच घडलं नव्हतं. मालक चिडले नाहीत, नुसतं म्हणाले, की तिकीट विकत घ्या आणि मोकळे व्हा. तो म्हणाला, आज संध्याकाळपर्यंत येतीलच.

संध्याकाळी बायको दाराजवळ बॅगेच्या शेजारी बसली होती. धाकट्याचा पुन्हा फोन येऊन गेला होता. आईला आज माणसं ओळखू येतायत, उद्याचं डॉक्टर सांगत नाहीत, ताई, लवकर निघ.

“विकत काढा,” ती म्हणाली. “माझी ठेव मोडा. मला उभ्याने न्या, पण आज न्या.”

“अगं, पॉइंट निघालेत कार्डावरून. ते परत येत नाहीत. आता विकत काढलं तर सगळं वाया जाईल.”

“वाया,” ती म्हणाली.

तिने तो शब्द एकदाच उच्चारला आणि उठून आत गेली. तिने भांडायला हवं होतं, असं त्याला पुढे फार वाटलं. तिने आरडाओरडा केला असता, बॅग उचलून ड्रायव्हरसोबत विमानतळ गाठला असता, तर बरं झालं असतं. पण घरातली तिकिटं कायम ह्यानेच काढलेली. विमानाचं ह्यांना कळतं, हे तिनेच चार लोकांत कौतुकाने सांगितलेलं. कौतुकाची सवय अशी एका दिवसात मोडत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पॉइंट जमा झाले. तो धावत मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आला आणि तिथेच उभ्या उभ्या तिकिटं काढायला लागला. दोन्ही सीटा गेल्या होत्या. दुसऱ्या कोणीतरी घेतल्या होत्या, आणखी काय. पुढच्या आडव्या सीटा आणखी दोन दिवसांनी होत्या. विकतची साधी सीट त्या रात्रीची होती. त्याचा अंगठा मोबाइलवर थोडा वेळ तसाच राहिला. इतके दिवस थांबलो, मग दोन दिवसांनी काय होतंय, आणि आता तर पॉइंट हातात आहेत. हव्यास म्हणावं, की प्रेम म्हणावं, की नुसता हट्ट? त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने दोन दिवसांनंतरच्या सीटा घेतल्या.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तो दुकानात फ्रेम तापवत होता, तेव्हा फोन आला. बायकोचा नव्हता, धाकट्याचा होता. “भावजी, आई गेली,” तो म्हणाला. “ताईला सांगितलंय. तुम्ही घरी जा.” त्याच्या आवाजात राग असता तर ह्याला सोसलं असतं. राग नव्हता. तो पोरगा बिचारा माफी मागितल्यासारखा बोलत होता.

बायको रडून झाली होती. बॅग तशीच दाराशी होती. तिने त्याला एवढंच सांगितलं, की माझं तिकीट राहू द्या, मी जाते, तुम्ही येऊ नका. त्याने स्वतःचं रद्द केलं. त्या सीटचे पॉइंट लगेच परत जमा झाल्याचा निरोप आला. ते मात्र चुटकीसरशी आले. तो निरोप वाचून त्याला मोबाइल भिंतीवर आपटावासा वाटला, पण आयुष्यात काही आपटलेलं नसल्यामुळे त्याने तो खिशात ठेवला.

ती परत आली तेव्हा तो विमानतळावर चाकाच्या खुर्चीची वाट बघत होता. ती चालत बाहेर आली, पाठ ताठ ठेवून. बसमध्ये तीच म्हणाली, “सीट आडवी होते. तुम्ही सांगत होता तशीच.”

“कंबर?”

“नाही दुखली. झोपही लागली.” ती खिडकीबाहेर बघत राहिली. “आई गेलेली असताना मला एवढी गाढ झोप लागली.”

घरी ड्रायव्हरची बायको जेवण देऊन गेली. वॉशिंग मशीन छान चाललंय असं म्हणाली आणि लगेच जीभ चावून खाली बघत निघून गेली. जेवण झाल्यावर बायकोने बॅगेतून एक छोटी राखाडी पिशवी काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. ती त्याने ओळखली. शेकडो व्हिडिओंत पाहिली होती. आत मोजे, पट्टी, ब्रश असणार. त्याने चेन उघडली.

मोजे नव्हते. आत सासूबाईंचा चष्मा होता. त्याने स्वतः केलेला, तपकिरी फ्रेमचा. डाव्या दांडीला पांढरा दोरा गुंडाळून गाठ मारलेली होती. गाठ मळली होती.

“शेवटपर्यंत काढू दिला नाही,” बायको म्हणाली. “दवाखान्यात झोपतानासुद्धा. ताई येईल, नीट दिसली पाहिजे, असं म्हणायची. धाकटा सांगत होता.” मग ती म्हणाली, “स्क्रू बसवा. तुमच्यासाठी ठेवलेलं काम आहे ते.”

त्याने कामाच्या पिशवीतून बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणि स्क्रूंची डबी आणली. दिव्याखाली बसला. दोरा कापायला कात्री लागली नाही. गाठ सैल होती, म्हाताऱ्या बोटांनी मारलेली. पुन्हा सोडायचीच आहे म्हणून सासूबाईंनी घट्ट मारली नसावी. त्याला रडू आलं. बायकोसमोर तो कधी रडला नव्हता. स्क्रू दोनदा खाली पडला आणि दोन्हीदा बायकोने वाकून शोधून दिला. वाकताना तिने कंबरेवर हात ठेवला.

स्क्रू बसला. त्याने दांड्या उघडून-मिटून पाहिल्या, काचा पुसल्या, दिव्यासमोर धरल्या, पुन्हा पुसल्या. आणि मग हातांच्या सवयीने चष्मा दोन्ही हातांनी समोर धरला. ओठांपर्यंत आलेले दोन शब्द त्याने गिळले. हात मात्र तसेच राहिले. बायकोने थोडा वेळ वाट पाहिली, मग त्याच्या हातातून चष्मा हळूच काढून घेतला, दोऱ्यासकट त्या पिशवीत ठेवला आणि चेन लावली.