दोनशे वाकड्या वह्या

मित्रांनो, मी पुस्तकबांधणीच्या कारखान्यातला एक जुना प्रेस आहे. दोन जाड लोखंडी पाट आणि वर फिरवायचे चाक, एवढाच माझा देह. खळ लावलेली पुस्तके दाबून सरळ ठेवायची, हे काम मी चाळीस वर्षे इमानेइतबारे केले. मालक चारचौघांत माझी तारीफ करत आणि मी फुशारून जाई.

मालकांची लेक कॉलेजात शिकत होती. एकदा सरांनी वर्गात छापील प्रश्नावली वाटली. ती तिने कारखान्यात माझ्याजवळ बसूनच भरली. पुढे काय करायचे? 'स्वतःचा व्यवसाय.' ही इच्छा कोणामुळे झाली? 'बाबांमुळे.' घरचे पाठीशी आहेत का? तिथे तिने क्षणभरही न थांबता 'हो' लिहिले. मालकांनी ते मागून वाचले आणि ते पुन्हा खळ ढवळू लागले.

लवकरच तिला कॉलेजातूनच दोनशे वह्यांचे काम मिळाले. हे जमले तर शिक्षण संपताच कारखाना हाती घ्यायचा, असे तिने ठरवून टाकले. आता पुठ्ठ्यातले तंतू एकाच दिशेने असतात. ते वहीच्या शिवणीला समांतर ठेवावे लागतात, नाहीतर खळ सुकल्यावर पुठ्ठा वाकतो. बांधणीवाल्याला हे पहिल्याच आठवड्यात कळते. तिने पुठ्ठा नेमका आडवा धरला आणि विचारले, "बाबा, असाच कापायचा ना?"

"असाच," मालक म्हणाले.

मी जीव तोडून दाब दिला. माझ्यातून वह्या सरळ निघाल्या, पण दोन दिवसांत सगळ्या वाकल्या आणि परत आल्या. तिने स्वतःच्याच हातांना बोल लावला. मालकांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि नोकरीचा अर्ज पुढे सरकवला. या धंद्यात त्यांचे कंबरडे मोडले होते, लेकीचे मोडू नये असे त्यांना वाटले असेल. पण म्हणून तिचा असा केसाने गळा कापायचा? आणि तोही मला हाताशी धरून?

सहा वर्षांनी ती आली. तिच्या ऑफिसची रजिस्टरे बांधणाऱ्याने बोलता बोलता पुठ्ठ्याची गोष्ट सांगितली होती.

"तुम्हाला माहीत होतं ना, बाबा?"

"तू सुखात राहावीस म्हणून केलं, पोरी."

"सहा वर्षं मी स्वतःला बिनकामाची समजत आले."

ती निघून गेली. मालकांनी मला तेव्हापासून हात लावलेला नाही.

मित्रांनो, माझ्यावर गंज चढतो आहे, तो खरवडता येईल. पण आपल्या माणसाला एखाद्या वाटेने जाऊ द्यायचे नसेल, तर तोंडावर नाही म्हणा. ती भांडली असती, चार दिवस जेवली नसती. पण स्वतःवरचा तिचा विश्वास तरी शाबूत राहिला असता.